घर स्पंजाचें, औषध बिऱ्हाडकरूंचें

समुद्राला आपल्या पूर्वजांनीं रत्नाकर म्हटलें, आणि समुद्रमंथनाच्या कथेंत एकाच उदकांतून हालाहलहि निघालें व अमृताचा कलश हातीं घेतलेला धन्वंतरीहि निघाला असें सांगितलें. या कथेवरून आमच्या ऋषींना सारें रसायनशास्त्र अवगत होतें असें अनुमान काढण्याची हौस पुष्कळांस असते. आम्हांस ती नाहीं. कथा ही कथाच. परंतु विष आणि औषध यांचें जन्मस्थान एकच असतें, हा तिच्यांतला भाव मात्र समुद्राच्या तळाशीं कोट्यवधि वर्षें चालत आलेल्या एका व्यवहारास इतका चपखल लागू पडतो, कीं आजच्या विषयाला याहून बरें मंगलाचरण आम्हांस सुचलें नाहीं. विषय आहे समुद्रांतील स्पंज, त्याच्या पोटांत राहणारे सूक्ष्म जंतु, आणि ते जंतु तयार करीत असलेलीं रोगजंतुनाशक द्रव्यें.

हा विषय प्रयोगशाळेंतला, त्याच्याशीं आपल्या घराचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो औषधांच्या डब्यापर्यंत येऊन पोंचतो. तो कसा, हें क्रमाक्रमानें सांगूं.

अवयवांवांचून प्राणी

पाटीवरचीं अक्षरें पुसण्यासाठीं मुलांच्या दप्तरांत पूर्वीं ज्याचा ओला तुकडा असे, तो स्पंज सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजारांत मिळतो तो बहुधा कारखान्यांत केलेला असतो. पण ज्याचें नांव त्यानें घेतलें तो मूळचा स्पंज समुद्रांत राहणारा एक प्राणी आहे, आणि स्नानासाठीं जो खरा स्पंज वापरतात तो त्या प्राण्याचा मऊ सांगाडा होय.

प्राणी हा शब्द वाचून कोणी थबकेल. ज्याला तोंड नाहीं, पोट नाहीं, हृदय नाहीं, मेंदू नाहीं, आणि जो जन्माच्या आरंभीं एकदां खडकाला चिकटला म्हणजे बहुधा तेथून हालत नाहीं, त्यास प्राणी कसें म्हणावें? ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें स्पंजास प्राण्यांच्या जवळचें मानलें होतें. तथापि पुढें अनेक शतकें विद्वान् लोक त्याला वनस्पतींत ढकलीत राहिले. १८२५ च्या सुमारास एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञानें जिवंत स्पंज पाण्यांत ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तेव्हां त्याच्या मोठ्या छिद्रांतून पाण्याची धार एकसारखी बाहेर पडत असलेली त्यास दिसली. अंगावरच्या असंख्य बारीक रंध्रांतून पाणी आंत जातें, आंतल्या कोठड्यांतील पेशी चाबकासारखे सूक्ष्म केस हालवून तें पुढें ढकलतात, त्यांतले अन्नकण गाळून घेतात, आणि उरलेलें पाणी मोठ्या छिद्रावाटे बाहेर टाकतात. या रंध्रांवरूनच आपल्या शालेय पुस्तकांत या वर्गाला 'रंध्रीय' असें नांव आहे. आजपर्यंत नऊ हजारांच्या आसपास जाती ठाऊक झाल्या आहेत. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या खडकांच्या कपारींत नारिंगी, पिवळ्या वा करड्या रंगाचे त्यांचे लेप दिसतात. येणारा-जाणारा त्यांस शेवाळ समजून पुढें जातो.

आतां या जीवाची अडचण पाहा. त्याला पळतां येत नाहीं. नखें, दांत, शिंग, कवच यांपैकीं कांहींच त्याच्यापाशीं नाहीं. एक चमचाभर समुद्रजलांत सुमारें पन्नास लक्ष सूक्ष्म जंतु असतात, आणि कांहीं स्पंज तर आपल्या आकारमानाच्या हजारों पट पाणी एका दिवसांत अंगांतून गाळून काढतात. इतक्या जंतूंचा लोंढा ज्याच्या शरीरांतून अहोरात्र वाहतो, तें शरीर नासून कसें जात नाहीं? शेजारच्या जीवांनीं त्याच्यावर चढून त्याचीं रंध्रें बुजवून कशीं टाकलीं नाहींत? या प्रश्नाला शास्त्रज्ञांचें पहिलें उत्तर असें होतें, कीं स्पंज आपल्या अंगांत नाना प्रकारचीं विषें तयार करतो, आणि त्यांच्या बळावर शत्रूंस दूर ठेवतो. विषें आहेत, हें खरेंच होतें. तीं तयार कोण करतो, या भागांत मात्र मोठा फेरबदल करावा लागला.

वाड्यांतलीं बिऱ्हाडें

विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं स्पंजाचे पातळ काप पाहण्यांत आले, आणि एक विलक्षण दृश्य नजरेस पडलें. स्पंजाच्या स्वतःच्या पेशींच्या अवतीभोंवतीं जिकडे तिकडे जंतूंचीच वस्ती होती. कित्येक जातींत तर एकंदर शरीराच्या वजनापैकीं शेंकडा पस्तीस ते चाळीस भाग जंतूंचाच भरतो. पुण्यातील जुन्या वाड्यांत मालकाच्या वाट्याला दोन खोल्या आणि बाकी सर्वत्र बिऱ्हाडें, असा प्रकार ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस या व्यवस्थेची कल्पना सहज येईल.

यांत आश्चर्य असें, कीं स्पंजाचें अन्नच मुळीं जंतु. ज्या पाण्यांतून तो जंतु गाळून खातो, त्याच पाण्यांत राहणाऱ्यांच्या जातभाईंना तो घरांत जागा देतो. शत्रु कोण, अन्न कोण, आणि आश्रित कोण, हा विवेक मेंदू नसलेला जीव कसा करतो? एवढें निश्चित दिसतें, कीं आश्रित जंतूंपैकीं कित्येकांच्या अंगावर एक बुळबुळीत आवरण असतें, आणि त्यामुळें स्पंजाच्या भक्षक पेशी त्यांना हात लावीत नाहींत. शिवाय हे आश्रित केवळ वाटेचे वाटसरू नव्हेत. अनेक स्पंजांत मातेच्या बीजांतून किंवा पोहणाऱ्या पिलांच्या अंगांतून ते पुढच्या पिढीकडे जातात. म्हणजे घराबरोबर बिऱ्हाडकरूहि वारशानें मिळतात.

भाडें काय देतात, तेंहि पाहण्यासारखें आहे. कांहीं जंतु सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांतला वांटा मालकाला देतात. कांहीं त्याच्या शरीरांतील टाकाऊ द्रव्यांचा निकाल लावतात. कांहीं जीवनसत्त्वें पुरवतात. आणि कांहीं द्वारपाळाचें काम करतात. आपल्याला येथें कर्तव्य आहे तें या द्वारपाळांशीं.

कर्ता कोण?

समुद्रांतील स्पंज औषधशास्त्राच्या नकाशावर आला तो वेर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञामुळें. त्यानें १९४५ सालीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून जमविलेल्या एका स्पंजापासून कांहीं अपूर्व द्रव्यें वेगळीं काढलीं व १९५१ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या घटकांशीं त्यांचें विलक्षण साम्य होतें. फरक होता तो फक्त त्यांतल्या शर्करेंत. त्यांच्या धर्तीवर रचलेलें सायटाराबीन हें रक्ताच्या कर्करोगावरील औषध १९६९ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि विषाणूंवर चालणारें विडाराबीन १९७६ सालीं. या सर्वांचें श्रेय त्या काळीं अर्थातच स्पंजास मिळालें.

या श्रेयाविषयीं पहिली ठळक शंका १९८८ सालीं उपस्थित झाली. 'अग्निस्पंज' नांवाचा एक तांबूस स्पंज आहे. त्याला हात लावला कीं अंगाची आग होते. या स्पंजांत सांपडणारीं कांहीं द्रव्यें सर्वांस ठाऊक होतीं. संशोधकांनीं त्याच्या अंगांतून एक जंतु वेगळा काढून कांचपात्रांत स्वतंत्रपणें वाढविला, तों तींच द्रव्यें त्या पात्रांतहि मिळालीं! तेथें स्पंजाचा लवलेश नव्हता. घरमालक गांवाला गेलेला असतांहि स्वयंपाकघरांतून त्याच फोडणीचा वास यावा, तर रांधणारा हात दुसऱ्याचा आहे हें ओळखण्यास न्यायाधीश लागत नाहीं.

पुढचा पुरावा पॅसिफिक महासागरांतील पलाऊ बेटांवरून आला. तेथील 'थिओनेला स्विनहोई' या स्पंजाच्या पेशी आणि त्यांत राहणारे निरनिराळे जंतु एकमेकांपासून वेगळे करण्याचें नाजूक काम कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेंत फॉकनर, कॅरोल ब्यूली इत्यादिकांनीं केलें व १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. बुरशीचा नाश करणारें एक द्रव्य त्यांना सांपडलें तें स्पंजाच्या पेशींत नव्हे, तर धाग्यासारख्या लांब जंतूंत. २००० सालीं या जंतूंस 'एंटोथिओनेला' असें नांव देण्यांत आलें.

येथें एक तार्किक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. ज्याच्या कोठींत धान्य सांपडलें तोच तें पिकविणारा, असें होत नाहीं. तो नुसता सांठवणारा असूं शकेल. म्हणून 'द्रव्य कोठें आहे' एवढ्यावर न थांबतां 'तें तयार करण्याची कृति कोणाच्या पोथींत लिहिली आहे' हें पाहावें लागतें. ही पोथी म्हणजे जीवाचीं जनुकें. यॉर्न पील या जर्मन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं याच जातीच्या जपानी स्पंजांत ही कृति शोधिली. २००४ सालीं तिचा एक भाग सांपडला. तिची लेखनपद्धति जंतूची होती, प्राण्याची नव्हे. आणि २०१४ सालीं असें दिसून आलें, कीं त्या स्पंजाच्या पिवळ्या प्रकारांत आजवर आढळलेलीं जवळजवळ सर्व प्रभावी द्रव्यें एकट्या एंटोथिओनेलाच्या पोथींतलीं आहेत. एका बिऱ्हाडकरूनें सबंध वाड्याची शस्त्रशाळा चालवावी, असा हा प्रकार झाला.

तथापि एका टोंकाची चूक सुधारतांना दुसऱ्या टोंकाला जाऊं नये. स्पंज अगदींच रिकामटेकडा आहे असें नव्हे. कित्येक द्रव्यें त्याच्या स्वतःच्या जनुकांनीं बनतात, हें २०२३ सालीं कांहीं स्पंजांच्या बाबतींत स्पष्टपणें दाखविण्यांत आलें आहे. प्रत्येक द्रव्याचा कर्ता वेगळा शोधावा लागतो; सर्वांना एकच न्याय लावून चालत नाहीं.

चायना ग्रास आणि भाताचें शीत

कर्ता कोण हा प्रश्न केवळ श्रेयाचा असता, तर तो पंडितांच्या वादावर सोडून देतां आला असता. परंतु त्यावर औषधाचा पुरवठा अवलंबून आहे. जपानांत एका स्पंजांतून कर्करोगावर उपयोगी पडण्याजोगें एक द्रव्य काढण्यांत आलें. ६०० किलो स्पंज खर्ची घातला, तेव्हां हातीं लागलें साडेबारा मिलिग्रॅम! तांदळाच्या एका दाण्याएवढेंहि वजन नव्हे. अशा हिशेबानें एका गांवाचे रोगी बरे करावयाचे तर समुद्राचा तळ खरवडून काढावा लागेल. म्हणून रसायनशास्त्रज्ञांना त्या द्रव्याची रचना हातानें जुळवीत बसावें लागलें, आणि त्याच्या धर्तीवरचें औषध मान्य व्हावयास २०१० साल उजाडलें.

याच्या उलट जंतूचें आहे. त्याची तुलना आम्ही विरजणाशीं करूं. चमचाभर विरजण शेजारणीकडून आणलें म्हणजे पुढें वर्षानुवर्षें घरांत दही लागत राहतें; शेजारणीची म्हैस आणावी लागत नाहीं. स्पंजांतला खरा कर्ता जंतु एकदां हातीं आला आणि टाक्यांतून वाढूं लागला, तर स्पंजाला पुन्हां हात लावण्याचें कारण उरत नाहीं.

जंतु वाढवितात कसे, हें आमच्या वाचकभगिनींस सांगण्यासारखें आहे, कारण त्या युक्तीचा उगम स्वयंपाकघरांत आहे. जर्मनींत रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेंत वाल्टर हेस्से नांवाचे डॉक्टर काम करीत. जंतु वाढविण्यासाठीं वापरावयाचा जिलेटिनचा थर उन्हाळ्यांत वितळून जाई आणि सारा प्रयोग फुकट जाई. १८८१ च्या सुमारास त्यांची पत्नी फॅनी हिनें सुचविलें, कीं आपण मुरंबे व खिरी थिजविण्यासाठीं अगर-अगर वापरतों तें घालून पाहावें. तें उष्णतेनें विरघळत नाहीं. तें अगर-अगर म्हणजेच आपल्याकडे उपवासाला दुधांत घालून वड्या पाडतात तें चायना ग्रास, आणि तें निघतें समुद्रशेवाळांतून. आजहि जगांतील बहुतेक प्रयोगशाळांत जंतूंची पेरणी या थरावरच होते. एका बशींत रोगजंतु पसरावयाचे, मध्यें स्पंजांतून काढलेल्या जंतूचा रस लावलेली कागदाची टिकली ठेवावयाची, आणि दुसऱ्या दिवशीं पाहावयाचें. टिकलीभोंवतीं स्वच्छ वर्तुळ पडलें असेल, तर त्या रसांत रोगजंतूंस रोखणारें कांहीं तरी आहे हें समजावें.

परंतु येथें मोठी अडचण अशी, कीं निसर्गांतील बहुसंख्य जंतु या बशींत उगवतच नाहींत. आपल्याकडे स्थालीपुलाक न्याय आहे. शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों. स्पंजाच्या बाबतींत हा न्याय फसवा ठरतो. बशींत उगवणारे थोडे जंतु म्हणजे एकंदर वस्तीचें शीत नव्हे. बहुधा ते सर्वांत समजूतदार, कोठेंहि रुळणारे असे असतात. खरे गुणी लोक घर सोडून जगत नाहींत. एंटोथिओनेला त्यांतलाच. म्हणून आतां दोन मार्ग चोखाळले जातात. एक, जंतु न वाढवितां त्याची जनुकपोथी वाचावयाची आणि ती कृति एखाद्या सोशिक, पाळीव जंतूच्या पोथींत उतरवून त्याच्याकडून काम करून घ्यावयाचें. दुसरा, जंतूला त्याच्या स्वतःच्या मातींत किंवा पाण्यांतच बारीक जाळीच्या कोठड्यांत ठेवून वाढवावयाचें. या दुसऱ्या मार्गानें जमिनींतील एका नव्या जंतूपासून टेक्सोबॅक्टिन नांवाचें प्रतिजैविक मिळाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. आपल्या देशांतहि गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत समुद्रजीवांतील अशा द्रव्यांचा अभ्यास झाला आहे.

क्षयावरील तांबडें औषध

आतां औषधांच्या डब्याकडे वळूं. १९५७ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळील पाइन वृक्षांच्या वनांतील मातीचा एक नमुना इटलींत मिलान येथील लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेंत आला. त्यांतील एका जंतूपासून पिएरो सेन्सी व त्याच्या सहकाऱ्यांनीं रिफामायसीन नांवाचीं द्रव्यें काढलीं, आणि त्यांत सुधारणा करून पुढें रिफॅम्पिसीन हें औषध सिद्ध केलें. क्षयरोग्याच्या घरांतील माणसांस तें चांगलें परिचित आहे. तें घेतलें कीं लघवीस तांबूस रंग येतो आणि नवखा रोगी घाबरतो. एके काळीं क्षय म्हणजे मरणाची चिठ्ठी असें जें समीकरण होतें, तें मोडण्यांत या औषधाचा वांटा फार मोठा आहे.

या औषधाची क्रिया समजण्यास सोपी आहे. प्रत्येक जंतूपाशीं त्याची मूळ पोथी असते. तिच्यावरून रोजच्या कामापुरत्या नकला उतरून देणारा एक लेखनिक असतो. रिफॅम्पिसीन त्या लेखनिकाचा हात धरून ठेवतें. नकला बंद, म्हणून कामें बंद, आणि जंतूचा अंत. मनुष्याच्या पेशींतील लेखनिकाचा हात निराळ्या घडणीचा असल्यामुळें त्यावर ही पकड बसत नाहीं. शत्रूस बाधावें आणि यजमानास बाधूं नये, ही उत्तम प्रतिजैविकाची कसोटी आहे. आणि स्पंजांतील अनेक द्रव्यें ज्या एका कारणानें औषध होऊं शकत नाहींत तेंहि हेंच, कीं तीं आपल्या पेशींसहि सोडीत नाहींत.

हें मातींतलें औषध झालें. परंतु २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं एक नवल जाहीर केलें. तेथील प्रसिद्ध प्रवाळभित्तीवरील एका स्पंजांत राहणारे 'सॅलिनिस्पोरा' जातीचे जंतु त्यांना मिळाले होते. जनुकांवरून त्यांचीं नातीं ताडून पाहिलीं, तेव्हां हे रिफामायसीन करीत असावेत असा तर्क झाला. तपासलें तों खरोखरच ते रिफामायसीन करीत होते. कोठें फ्रान्सचें वन आणि कोठें ऑस्ट्रेलियाचा समुद्र! दोन्हीं ठिकाणच्या जंतूंपाशीं तीच विद्या. आपल्या शेजारच्या रोग्यास ज्या द्रव्यानें जीवदान मिळतें, त्याच कुळांतलें द्रव्य मनुष्याची दृष्टि पोंचत नाहीं अशा ठिकाणीं, एका मेंदूहीन प्राण्याच्या कोठडींत, एक बिऱ्हाडकरू निमूटपणें घडवीत असतो.

विषाबरोबर उताराहि

या कथेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाहीं. जो जंतु रिफामायसीन करतो, तो स्वतः त्यानें कां मरत नाहीं? कारण असें आढळतें, कीं त्याच्या लेखनिकाच्या हाताची घडण थोडी बदललेली असते, आणि पकड बसत नाहीं. म्हणजे जेथें विष तयार होतें तेथें त्याचा उताराहि तयार असतो. औषधाला न जुमानण्याची विद्या मनुष्यानें जंतूंस शिकविली नाहीं. ती औषधाइतकीच पुराणी आहे. सुमारें तीस हजार वर्षें गोठून राहिलेल्या मातींतहि प्रतिजैविकांस दाद न देणारीं जनुकें सांपडल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें आहे. मनुष्यानें केलें तें एवढेंच, कीं अर्धवट व अकारण औषधें घेऊन या विद्येला राजाश्रय दिला.

आमच्या माहितींतील एका घरांत एका तरुण मुलास क्षय झाला. सहा महिन्यांचें औषध होतें. दोन महिन्यांत खोकला थांबला, अन्न जाऊं लागलें, वजन भरलें. आणि 'आतां गोळ्या कशाला? उगाच उष्ण पडतात' असें म्हणून घरच्यांनींच त्या बंद केल्या. आठ महिन्यांनीं रोग परत आला, तेव्हां थुंकीच्या तपासणींत दिसलें, कीं रिफॅम्पिसीन आतां या जंतूंस बाधत नाहीं. पुढें दीड वर्ष कडक औषधें घ्यावीं लागलीं. त्यांतलीं कांहीं कानांवर व पोटावर उलटलीं. मुलगा वांचला, ही ईश्वराची कृपा. परंतु त्याची नोकरी गेली, ठरत आलेला विवाह मोडला, आणि त्याच्या धाकट्या बहिणीसहि तपासणीचे हेलपाटे घालावे लागले. त्या घरांत अज्ञानी कोणी नव्हतें; सर्वजण शिकलेले होते.

हें एका घराचें झालें. जगाचा हिशेब असा, कीं एकट्या २०१९ सालीं औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें प्रत्यक्ष मरण पावलेल्यांची संख्या १२ लक्ष ७० हजारांच्या घरांत होती, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत दिसून आलें. आणि जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा एकट्या भारतांत आहे. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनें १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या भाषणांतच हा इशारा दिला होता, कीं अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट ते औषधाला सरावतात.

यावर कोणी म्हणेल, समुद्रांत एवढा सांठा आहे तर काळजी कसली? जुनीं औषधें बोथट झालीं तर नवीं काढूं. येथेंच आपली फसगत होते. स्पंजांतील जंतूंपासून शेंकडों रोगजंतुनाशक द्रव्यें बशींत गुण दाखवून गेलीं आहेत. परंतु औषधाच्या दुकानांत त्यांतलें प्रतिजैविक अद्याप पोंचलेलें नाहीं. बशींतून रोग्यापर्यंतचा रस्ता दहा-पंधरा वर्षांचा आणि अतोनात खर्चाचा आहे. कंपन्यांनाहि आठ दिवस घेऊन बंद करावयाच्या औषधापेक्षां जन्मभर घ्यावयाच्या औषधांत अधिक प्राप्ति दिसते. आणि इतकें करून नवें औषध आलें, तरी त्याचा उतारा निसर्गांत कोठें तरी आधींच लिहिलेला असणार. समुद्राच्या सांठ्यावर उधळपट्टी करणें म्हणजे आजोबांच्या ठेवीवर कर्ज काढण्यासारखें आहे.

घरीं पाळण्याजोगे नियम अवघड नाहींत. सर्दी-पडसें व फ्लू हे विषाणूंचे विकार. त्यांवर प्रतिजैविकाचा उपयोग नाहीं, म्हणून डॉक्टरकडे तें मागून घेऊं नये. डॉक्टरनें दिलें तर सांगितल्या मुदतीपर्यंत घ्यावें, आणि बरें वाटूं लागलें म्हणून आपल्या मनानें बंद करूं नये. उरलेल्या गोळ्या शेजारीं देऊं नयेत, शेजारच्या आपण घेऊं नयेत. आपल्या देशांत २०१६ पासून सरकारनें लोकांस एक खूण ओळखावयास सांगितलें आहे: गोळ्यांच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असेल, तर तें औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नव्हे. ती रेघ घरांतल्या मुलांसहि दाखवून ठेवावी. आणि घरांत कोणास क्षय असेल, तर औषधाचा प्रत्येक दिवस पंचांगावर खूण करून मोजावा. आपण एकादशी चुकवीत नाहीं, मग हें व्रत कां चुकवावें?

समुद्राच्या तळाशीं औषध तयार करणारा हा बिऱ्हाडकरू आपल्या घरापुरतें तयार करतो, आणि तेवढ्यावर घरहि टिकतें व तोहि टिकतो. मनुष्यानें त्याची विद्या शोधून काढली, ही मोठीच गोष्ट झाली. अजून पुष्कळ शोधावयाची आहे, आणि ती शोधणाऱ्यांचे हात आपण बळकट केले पाहिजेत. परंतु जी विद्या त्यानें आजपर्यंत आपल्या पदरांत घातली आहे, ती जपून वापरणें हें प्रयोगशाळेचें काम नव्हे, आपलें आहे.